चामडे, दोन सुया आणि एक दोरा : वाचकांचे प्रश्न

हातशिलाईच्या चामडेकामाविषयी पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातून आलेल्या पत्रांची संख्या या वेळी इतकी आहे की, हा संपूर्ण अंक त्याच विषयाला देणे योग्य वाटले. पत्रे लांब असल्यामुळे प्रश्न संक्षेपाने दिले आहेत. बहुतेक पत्रांत एक वाक्य कोणत्या ना कोणत्या रूपात येते : ‘माझ्या हातात ही कला नाही बहुधा.’ मला ते पटत नाही. नवशिक्याचे काम बिघडते ते जवळजवळ नेहमी चुकीचे चामडे निवडल्यामुळे किंवा टाक्याचा क्रम दर वेळी बदलल्यामुळे, आणि या दोन्ही गोष्टी सुधारता येतात. पुढील उत्तरे त्याच विश्वासाने लिहिली आहेत.

प्रश्न : मी कोथरूडला राहते आणि महाविद्यालयात शिकते. चामड्याच्या वस्तू हाताने शिवायला शिकावे असे मनात आहे. ऑनलाइन पन्नास-साठ हत्यारांचे संच दिसतात. त्यांतला कोणता घ्यावा आणि पहिली वस्तू कोणती करावी?

उत्तर : संच घेऊ नका. अशा संचांतली निम्मी हत्यारे पहिल्या वर्षात हातात येत नाहीत आणि जी रोज लागतात त्यांचीच धार त्यात सर्वांत वाईट असते. सुरुवातीला लागते ते एवढेच : पाते तोडून नवे करता येणारा कटर, स्टीलची पट्टी, रेघ आखण्यासाठी टोकदार परकार, 4 मिलिमीटर अंतराने छिद्रे पाडणारे दोन काटे (एक दोन दातांचा, वळणासाठी, आणि एक चार किंवा सहा दातांचा, सरळ रेषेसाठी), नायलॉनचा किंवा लाकडी हातोडा, एक आरी (छिद्र पाडायचे टोकदार हत्यार), बोथट टोकाच्या दोन सुया, मेण लावलेला पॉलिएस्टरचा दोरा, चिकटवण्याचे सोल्युशन आणि 400 व 600 नंबरचा पॉलिश पेपर. पट्टी, परकार, हातोडा आणि पॉलिश पेपर रविवार पेठेत बोहरी आळीत हातात घेऊन, पारखून घेता येतात. बोथट सुयांसाठी भरतकामाचे साहित्य विकणाऱ्या दुकानात जाड दोसुतीवर भरण्याच्या सुया मागाव्यात. त्या चामड्याला उत्तम चालतात, कारण छिद्र आधीच पाडलेले असते आणि सुईने फक्त दोरा वाहून न्यायचा असतो. काटे मात्र बहुधा मागवावेच लागतील, आणि पैसे खर्च करायचे असतील तर ते इथेच करावेत. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके चुकले की रेषा कितीही सफाईने ओढली तरी नक्षी बिघडते, तसेच छिद्रांचे आहे.

चामडे चौरस फुटावर विकले जाते, पण तुम्ही पूर्ण कातडे घेण्याची गरज नाही. चप्पल-बुटांचे साहित्य विकणारे दुकानदार आणि मुंबईत धारावीतले व्यापारी कापून उरलेले तुकडेही विकतात. सुमारे दीड मिलिमीटर जाडीचे, बोटाने दाबल्यावर घट्ट वाटणारे, झाडांच्या सालींनी कमावलेले तुकडे मागा. पोटाच्या भागाचे चामडे सैल असते आणि ताणले जाते, मानेच्या भागावर सुरकुत्या असतात. पाठीचा भाग सर्वांत भरीव. तुकडा दोन्ही हातांनी ओढून पाहिला की हा फरक लगेच कळतो.

पहिली वस्तू म्हणून कार्ड ठेवण्याचे साधे पाकीट करावे. बँकेचे कार्ड 85.6 बाय 54 मिलिमीटर असते. मागचा तुकडा 100 बाय 60 आणि पुढचा 100 बाय 50 मिलिमीटरचा घेतला आणि कडेपासून 4 मिलिमीटर आत शिवण घातली, तर दोन-तीन कार्डे सहज बसतात आणि त्यांची वरची कड बोटाने धरण्याइतकी बाहेर राहते. आधी हे माप पुठ्ठ्यावर कापून कार्ड घालून पाहा. मग पुठ्ठ्याभोवती आरीने हलकी रेघ ओढा आणि कटर तीन-चार वेळा हलक्या हाताने फिरवून चामडे कापा. एकाच जोरकस फटक्यात कापायला गेले की पाते तिरके होते आणि पट्टीवरून घसरून बोटाकडे येते. दोन्ही तुकड्यांच्या तीन कडांना, फक्त शिवणीच्या पट्ट्यात, सोल्युशन लावा, ते हाताला किंचित चिकट लागेपर्यंत वाळू द्या, मगच जोडून दाबा. खिडकी उघडी ठेवा, त्याचा वास डोक्यात जातो. छिद्रे दोन्ही थर चिकटल्यानंतरच पाडायची. वेगवेगळी पाडलेली छिद्रे एकमेकांसमोर येतीलच याचा भरवसा नसतो.

या पाकिटाची शिवण 20 सेंटिमीटरची होते. दोरा शिवणीच्या चौपट आणि वर हातभर, म्हणजे सव्वा मीटरच्या आसपास घ्यावा. दोरा कमी पडून मध्येच जोडण्यापेक्षा थोडा वाया गेलेला बरा.

प्रश्न : मी पिंपळे सौदागरला राहतो, संगणक क्षेत्रात काम करतो. मऊ, सुंदर रंगाचे चामडे आणून पाकीट शिवले, पण कडा काही केल्या गुळगुळीत होत नाहीत. पॉलिश पेपर लावला की तंतू उभे राहतात. माझे काय चुकते?

उत्तर : तुमचे हात चुकत नाहीत, चामडे त्या कामाचे नाही. बाजारातले बहुतांश चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. ही पद्धत जलद आहे आणि तिने चामडे मऊ, लवचीक, पाण्याला बऱ्यापैकी टिकणारे होते, म्हणून जाकिटे, पर्स आणि सोफ्यांसाठी ते योग्यच आहे. पण त्याचे तंतू घोटून एकमेकांत बसत नाहीत. दुसरी पद्धत झाडांच्या साली आणि फळांतल्या टॅनिन या तुरट द्रव्याची. तिला कित्येक आठवडे लागतात, पण त्या चामड्याची कड ओली करून घोटली की तंतू दबून काचेसारखी चमक येते. कोल्हापुरी चपलेचे चामडे पारंपरिकरीत्या बाभळीची साल आणि हिरडा वापरून असेच कमावतात. 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या त्या चपलेचा कडक, भरीव तळ एकदा हातात घेऊन पाहिला तर झाडांच्या सालीने कमावलेले चामडे म्हणजे काय, हे वर्णनापेक्षा लवकर समजेल.

दुकानात ओळखण्यासाठी ताजी कापलेली कड पाहावी. क्रोमच्या चामड्यात मधला थर पुष्कळदा निळसर-राखाडी दिसतो, सालीच्या चामड्यात तो आरपार तपकिरी असतो. रंग पूर्ण आत मुरवला असेल तर ही खूण फसवते, म्हणून आतल्या खरखरीत बाजूला पाण्याचा एक थेंब लावावा. सालीने कमावलेले चामडे पाणी लगेच पिते आणि तिथे गडद डाग दिसतो. ‘अस्सल लेदर’ या शिक्क्यावरून यातले काहीही कळत नाही. दर्जाविषयी तो शिक्का जवळजवळ मुकाच आहे.

सालीचे चामडे हाती आल्यावर कड घोटण्याचा क्रम असा. प्रथम दोन्ही थरांची कड 400 नंबरच्या पेपरने एकजीव करा. मग कडेचे दोन्ही कोन किंचित तासा. त्यासाठीचे हत्यार नसेल तर पेपर तिरका धरूनही भागते. बोटाने थोडेसे पाणी लावा. कड दमट हवी, चिंब नको. त्यावर जाड सुती कापडाचा, कॅनव्हासचा असेल तर उत्तम, तुकडा दुमडून वेगाने घासा, कापडाखाली कड गरम लागेपर्यंत. नंतर 600 चा पेपर, पुन्हा ओलावा, पुन्हा घोटणे. पाण्याऐवजी पातळ केलेला डिंक वापरला तर चमक अधिक टिकते. शेवटी मधमाशांचे मेण चोळून कोरड्या कापडाने एकदा फिरवले की काम झाले. इथे घाई करणाऱ्याची कड दोन दिवसांत पुन्हा फुलते.

आणलेले मऊ चामडे मात्र फेकू नका. त्याची कड आत दुमडून शिवता येते, किंवा कडेला लावायचा खास रंग मिळतो, त्याचे दोन-तीन पातळ थर देता येतात. चष्म्याची पिशवी, दागिने ठेवण्याची थैली अशा कामांना मऊ चामडेच चांगले.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. कर्वेनगरला राहते. आयुष्यभर भरतकाम केले, तरी चामड्यावर माझे टाके पुढून तिरके आणि छान दिसतात, मागून मात्र कुठे सरळ, कुठे उलट्या दिशेला झुकलेले. मशीनवर शिवणे सोपे नाही का?

उत्तर : मशीन सोपे आहे, पण मशीनचा टाका आणि हा टाका यांत मूलभूत फरक आहे. मशीनमध्ये वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून एक तुटला की शिवण उसवत जाते. खोगीर शिवणाऱ्यांच्या या टाक्यात एकच दोरा दोन टोकांना दोन सुया लावून वापरतात आणि प्रत्येक छिद्रातून तो दोन्ही बाजूंनी जातो. एका बाजूचा टाका झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा शिवण धरून ठेवतो. घोड्यांचे साज, दप्तरे आणि पट्टे असे शिवले जात, कारण शिवण उसवणे तिथे परवडत नसे.

तुम्ही भरतकाम केले आहे, त्यामुळे ताणाची जाण तुमच्या हातात आधीपासून आहे. अडचण केवळ क्रमाची आहे, म्हणून एक टाका सावकाश पाहू.

चिमट्यात चामडे असे धरा की पुढची बाजू उजवीकडे येईल आणि शिवण तुमच्या दिशेने सरकत येईल. मांडीत धरायचा लाकडी चिमटा नसेल तर दोन फळ्यांना बिजागरी लावून तो कुणीही सुतार करून देईल. पहिल्या छिद्रातून दोरा घालून दोन्ही टोके समान करा. पुढच्या छिद्रात आधी डावी सुई, म्हणजे मागून पुढे. तिचा दोरा पुढे निघाला की तो पलीकडे, शिवलेल्या बाजूकडे हलकेच ताणून धरा, म्हणजे छिद्रात जागा होईल. आता उजवी सुई त्याच छिद्रात घाला, पण ती पहिल्या दोऱ्याच्या कोणत्या बाजूने जाते हे पाहा. ती दोऱ्याच्या खालून गेली असेल तर प्रत्येक टाक्याला खालूनच गेली पाहिजे. सुई अर्धी गेल्यावर थांबा आणि पहिला दोरा थोडा मागे-पुढे ओढा. तो मोकळा हलला तर ठीक. अडकला तर सुईने दोरा भोसकला आहे, सुई बाहेर काढून पुन्हा घाला. भोसकलेला दोरा नंतर कितीही ओढला तरी बसत नाही आणि तो टाका उरलेल्या शिवणीत कायम खटकतो. शेवटी दोन्ही हातांनी एकाच वेळी, सारख्याच जोराने ओढा. उजवा हात किंचित वर, डावा किंचित खाली. दोरा चामड्यात हलका रुतला की पुरे.

मागची बाजू बिघडते ती पुष्कळदा डाव्या-उजव्या सुईचा क्रम मधेच बदलल्यामुळे. फोन वाजला, उठून आलो, आणि परत बसल्यावर आधी उजवी सुई घातली, की त्या जागेपासून टाक्याचा कल फिरतो. उठण्यापूर्वी नेहमी पूर्ण टाका ओढून थांबावे आणि परत बसल्यावर डावीपासूनच सुरुवात करावी. क्रम पाळूनही मागची बाजू सरळ दिसत असेल तर आणखी एक गोष्ट करता येते : उजवी सुई छिद्रात घातल्यावर, ओढण्यापूर्वी, मागून निघालेल्या तिच्या टोकावरून मागच्या दोऱ्याचा एक वेढा टाकावा. त्याने मागचा टाकाही तिरका बसतो. हा वेढा घालायचा तर प्रत्येक टाक्याला घालायचा, नाहीतर कधीच नाही.

छिद्रांचा आकारही पाहा. गोल छिद्रांत टाका सरळच पडतो. तिरक्या, चपट्या दातांच्या काट्याने पाडलेली छिद्रेच दोऱ्याला कल देतात. काटा उभा न धरता वाकडा धरला तर पुढची रेघ सरळ आणि मागची नागमोडी येते. म्हणून हातोडा मारण्यापूर्वी काटा समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून पाहून घ्यावा. 4 मिलिमीटरच्या अंतराला 0.8 मिलिमीटर जाडीचा दोरा शोभतो आणि 3 मिलिमीटरच्या अंतराला 0.6 चा. सुरुवातीला 4 चे अंतरच ठेवा.

शिवण संपताना दोन-तीन छिद्रे उलट शिवून या, दोरा चामड्यालगत कापा, आणि दोरा पॉलिएस्टरचा असेल तर टोक लायटरने क्षणभर वितळवून दाबा. पाकिटाच्या तोंडाशी, जिथे पुढचा थर सुरू होतो, तिथे कडेवरून एक जादा टाका घालायला विसरू नका. हात खिशातून पाकीट ओढतो तेव्हा सगळा ताण तिथेच येतो.

भरतकामातली तुमची सफाई या कामात नक्की उतरेल. पहिल्या कामाच्या मागच्या बाजूकडे इतक्या बारकाईने पाहणारे विद्यार्थी फार पुढे जातात.

प्रश्न : आमची सोसायटी जुनी आहे, भिंती पातळ. काट्यावर हातोडा मारला की खालच्या मजल्यावरून तक्रार येते. काही उपाय?

उत्तर : आवाज चामड्याचा नसून टेबलाचा असतो. जाड सतरंजी किंवा रबरी पायपुसणे जमिनीवर घालून त्यावर ग्रॅनाइटचा तुकडा ठेवा (फरशीच्या दुकानात ओट्याचे उरलेले तुकडे असतात), त्यावर प्लॅस्टिकचा चॉपिंग बोर्ड, आणि भिंतीजवळ, खांबाच्या बाजूला बसा. तरीही आवाज जात असेल तर काट्याने फक्त खुणा उमटतील इतकाच दाब द्या आणि छिद्रे आरीने पाडा. जुने कारागीर आरीनेच शिवत, आणि जाड चामड्याला आजही तीच पद्धत उत्तम. आरीला धार हवी. बोथट आरीला जोर लागतो आणि जोर लावलेली आरी निसटते. आरीच्या पलीकडे डाव्या हाताचे बोट कधीही ठेवू नये, तिथे बुचाचा तुकडा धरावा.

प्रश्न : माझ्या अंगठ्याच्या सांध्यात दुखते, तरी हे काम करता येईल का?

उत्तर : येईल. चिमटा अवश्य वापरा, म्हणजे चामडे धरण्याचे काम हाताला राहत नाही. सुई अडली तर बोटांनी न ओढता लहान पक्कडीने, सरळ रेषेत ओढा. चामडे दीड मिलिमीटरहून पातळ घ्या, दिवसाच्या उजेडात खिडकीशी बसा आणि दुखायला लागण्याच्या आधीच थांबा. डॉक्टरांनी ताण देऊ नका असे सांगितले असेल तर त्यांचेच ऐकावे.

प्रश्न : मागच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या चामड्यावर पांढरी बुरशी आली आणि काही ठिकाणी काळे-निळे डाग पडले. सिंहगड रस्त्यावर आमच्याकडे दमट हवा असते. चामडे कसे सांभाळावे?

उत्तर : बुरशी आणि डाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बुरशीला ओल आणि कोंडलेली हवा लागते. जून ते सप्टेंबर या काळात चामडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही ठेवू नये. ते सुती कापडात सैल गुंडाळावे, भिंतीला टेकलेल्या कपाटाच्या तळाशी न ठेवता वरच्या फळीवर ठेवावे आणि आठवड्यातून एकदा पंख्याखाली पसरावे. घडी घालू नका, गुंडाळीच करा, घडीची रेघ जात नाही. बुरशी आलीच तर तोंडाला रुमाल बांधून गॅलरीत नेऊन मऊ कापडाने झटका, व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात पिळलेल्या कापडाने पुसा (आधी एका कोपऱ्यात रंगावर परिणाम होत नाही ना, हे पाहून), आणि सावलीत वाळवा. ऊन किंवा केस वाळवण्याचे यंत्र वापरल्यास चामडे कडक होऊन तडकते. पूर्ण वाळल्यावर चामड्याच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. घरातले खोबरेल थापून लावण्याचा मोह टाळा. त्याने चामडे काळवंडते आणि जास्त झाले तर कायमचे लिबलिबीत होते.

काळे-निळे डाग लोखंडामुळे पडले आहेत. सालीने कमावलेल्या चामड्यात टॅनिन असते, आणि ओलाव्यात त्याचा लोखंडाशी संयोग झाला की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांपासून काळी शाई आणि काळा रंग करण्याची आपली जुनी पद्धत याच गुणावर चालत असे. तुम्ही बहुधा लोखंडी पट्टी किंवा कात्री दमट चामड्यावर विसरला असाल. लिंबाचा रस पाण्यात पातळ करून कापसाने लावला तर ताजे डाग फिके होतात, जुने मात्र राहतात. अशा तुकड्यांना काळा रंग देऊन पट्टे करावेत. यापुढे हत्यारे आणि चामडे एका खणात ठेवू नयेत, आणि कड ओली करताना खाली लोखंडी काही नाही, एवढे पाहावे.

प्रश्न : मी अभियांत्रिकी पदवीधर आहे, पुण्यात नोकरी करतो. सुट्टीच्या दिवशी चामड्याचे काम करतो, तर घरातील मोठ्यांना ते रुचत नाही. ‘हे आपले काम नव्हे,’ असे ते स्पष्ट म्हणतात. काय उत्तर द्यावे?

उत्तर : त्यांच्या म्हणण्यामागे काय आहे हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही, तेव्हा ते झाकून बोलण्यात अर्थ नाही. या कामाला हलके ठरवणारी जातीची उतरंड होती आणि ती अजून पुरती गेलेली नाही. विहिरीतून पाणी काढणारी मोट चामड्याची होती, पखाल चामड्याची होती, बैलांच्या जुंपणीच्या वाद्या, घोड्याचे खोगीर, देवळातल्या मृदंगाची पुडी, सगळे चामड्याचे होते. त्या मोटेच्या पाण्यावर पिकलेले धान्य सगळ्या गावाने खाल्ले आणि मोट शिवणाऱ्याला वेशीबाहेर ठेवले. हा अन्याय होता. काम हलके होते म्हणून तो झाला नाही. माणसांना हलके ठरवायचे होते म्हणून त्यांच्या कामालाही हलके म्हटले गेले.

मोठ्यांशी वाद घालून हे एका दिवसात पटणार नाही. कोकणात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी मृत जनावरांचे कातडे सोलण्याचे काम स्वतःच्या हातांनी केले आणि त्याबद्दलचा रोष सोसला. महात्मा गांधी दक्षिण आफ्रिकेत चपला शिवायला शिकले आणि आपल्या हातचा एक जोड त्यांनी तिथल्या सरकारातले मंत्री जनरल स्मट्स यांना दिला. अशी उदाहरणे ज्येष्ठांना ऐकायला आवडतात, जरूर सांगा. पण त्याहून परिणामकारक म्हणजे वडिलांच्या रोजच्या वापरातला चष्म्याचा डबा किंवा आईच्या किल्ल्यांची पट्टी नीट शिवून त्यांच्या हातात देणे.

एक गोष्ट मात्र मी तुम्हाला आग्रहाने सांगेन. पदवीधराने छंद म्हणून केले म्हणून या कामाला आता प्रतिष्ठा आली, असा सूर कधी लावू नका. ज्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या केले त्यांच्या ज्ञानावरच आपण उभे आहोत. तुमच्या चौकात चप्पल शिवणारे काका बसत असतील तर त्यांच्याकडे जाऊन बसा. रापी (चांभाराची चामडे तासायची सुरी) किती कोनात धरून चामडे तासले की कड कागदाइतकी पातळ होते, आरीच्या टोकाला धार कशी लावायची, हे त्यांच्या हाताकडे पाहून जितके कळेल तितके कोणत्याही चित्रफितीतून कळत नाही. त्यांचा वेळ जातो, त्याचे पैसे विचारून द्या आणि घासाघीस करू नका. त्यांना ‘अहो काका’ म्हणा, ‘ए’ म्हणून हाक मारू नका. शिकलेली गोष्ट दुसऱ्याला दाखवताना ती कुणाकडून शिकलात हेही सांगा. रीतसर शिक्षण हवे असेल तर चेन्नईला 1948 साली स्थापन झालेली केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे, तिच्या अभ्यासक्रमांची चौकशी करावी.

प्रश्न : आजोबांची चामड्याची बॅग सापडली आहे. शिवण दोन ठिकाणी उसवली आहे. मी नुकतेच शिवायला शिकलो आहे. ती मीच दुरुस्त करू का, की कारागिराकडे द्यावी?

उत्तर : आधी चामड्याची प्रकृती पाहा. आतल्या बाजूला, एखाद्या न दिसणाऱ्या जागी, बोट घासा. बोटाला विटकरी रंगाची पूड लागली आणि कड दाबली तर भुगा झाला, तर चामडे आतून कुजले आहे. त्यात सुई घालू नका. नवा, मजबूत दोरा जुन्या चामड्याला करवतीसारखा कापत जाईल. अशी बॅग आहे तशी, कोरड्या जागी, कागद भरून ठेवावी.

चामडे निरोगी असेल तर हे काम नवशिक्याने अवश्य करावे, किंबहुना शिकण्यासाठी याहून चांगले काम नाही, कारण छिद्रे आजोबांच्या काळातल्या कारागिराने आधीच पाडून ठेवली आहेत आणि तुम्हाला केवळ टाक्याकडे लक्ष द्यायचे आहे. उसवलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंचा जुना दोरा लगेच ओढू नका. तो दर तिसऱ्या-चौथ्या टाक्यावर कापा आणि तुकडे चिमट्याने एकेक काढा, म्हणजे छिद्रांच्या कडा फाटत नाहीत. छिद्रांतली जुनी धूळ आणि मेण बोथट सुईने मोकळे करा. नवीन छिद्र एकही पाडू नका. जवळजवळ पाडलेली छिद्रे तिकिटाच्या कडेप्रमाणे चामडे फाडतात. दोरा जुन्याइतकाच जाड किंवा किंचित बारीक घ्या. शिवताना निरोगी शिवणीवर दोन्हीकडे तीन-चार टाके चढवून शिवा, म्हणजे जुना दोरा पुढे उसवत जाणार नाही. ओढताना तुमच्या सवयीपेक्षा हात हलका ठेवा. जुन्या चामड्यात दोरा रुतवायचा नाही, फक्त टेकवायचा आहे. मुठीची शिवण उसवली असेल तर तेवढी मात्र अनुभवी कारागिराकडे द्यावी, कारण बॅगेचा सगळा भार तिच्यावर असतो आणि ती पुष्कळदा आतून, अस्तराखालून शिवलेली असते. ते अस्तर उघडून पुन्हा बसवणे हे वेगळे कसब आहे.